आंबोलीत न वाळलेला टॉवेल

आंबोलीत आमचा टॉवेल तीन दिवस वाळला नाही. चौथ्या दिवशी सकाळी यांनी तो नाकाला लावला, काही न बोलता घडी केली आणि गाडीच्या मागच्या कप्प्यात ठेवून दिला. एकतीस वर्षं सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर म्हणून, म्हणजे माग जुळवण्या-दुरुस्त करण्याच्या कामात, काढलेल्या माणसाचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. मीही लग्नानंतर वीस-बावीस वर्षं घरी बसून टॉवेलच्या कडा शिवल्यात, डझनावर पैसे मिळायचे. आमच्या घरात टॉवेलबद्दल कुणी वावगं बोलत नाही. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यांनी पेढे आणले होते.

गाडीबद्दल थोडक्यात सांगते. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली. बाकडी काढली, दोघांचं अंथरूण मावेल अशी फळी टाकली, शेगडी बसवली, फळीखाली 120 लिटरची पाण्याची टाकी घातली, आरटीओत बदलाची नोंद करून घेतली. गेल्या पावसाळ्यात 24 दिवस फिरलो. मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला, गोकर्ण, हुबळी, बदामी, विजापूर आणि घर. परत आल्यावर जाऊबाई, शेजारच्या अक्का, माझी बहीण, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता: 'धुण्याचं काय केलं गं?' म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पाणी मोजून वापरायचं शिक्षण मला सोलापुरानं आधीच दिलं होतं. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, हे आमच्या गल्लीनं वर्षानुवर्षं पाहिलंय. पाणी येण्याच्या दिवशी पाहुण्यांकडे जायचं नाही, रात्री दोनला आलं तरी उठायचं, पिंप, कळशा, पातेली, अगदी चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवायचं. त्यामुळे टाकीत 120 लिटर आहे म्हटल्यावर मला घाबरायला झालं नाही. दोन माणसांचं तीन दिवसांचं धुणं मी 32 लिटरमध्ये बसवते. साबणाचं पाणी 12 लिटर, आणि दोनदा खळबळायला दहा-दहा लिटर. घरच्या मशीनला एका धुण्याला शंभर लिटरच्या पुढं लागतं.

हे जमतं ते क्रमामुळे. साबणाच्या त्याच पाण्यात आधी यांची बनियन आणि माझे पांढरे ब्लाऊज, मग रंगीत कपडे, मग पँटी, आणि सगळ्यात शेवटी मोजे आणि पायपुसणं. दुसऱ्यांदा खळबळलेलं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, ते कॅनमध्ये भरून ठेवायचं आणि पुढच्या वेळचे कपडे त्यात भिजवायचे. पावडर अर्धा चमचाच. जास्त टाकली की फेस निघता निघत नाही आणि खळबळायलाच पाणी संपतं. पुड्यावर मशीनसाठी लिहिलेलं माप बादलीत वापरू नका.

आता डब्याची गोष्ट. गाडीतून फिरणाऱ्या कुणाकडून तरी यांनी ऐकलं होतं की रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घ्यायचा, त्यात कपडे, कोमट पाणी आणि थोडी पावडर घालून झाकण घट्ट लावायचं, डबा गाडीत मागं बांधून टाकायचा. गाडीच्या हिसक्यांनी कपडे आपोआप घुसळले जातात. सोलापूरहून निघतानाच डबा भरला. मंगळवेढ्याहून मिरजेपर्यंतचा रस्ता आता इतका गुळगुळीत झालाय की मिरजेत झाकण उघडलं तर कपडे नुसते भिजलेले होते, मळ तसाच. आजऱ्याहून आंबोलीकडे वळणं आणि खड्डे सुरू झाले तेव्हा मात्र डब्यानं काम केलं. शर्टाच्या कॉलरीसुद्धा निघाल्या. तेव्हापासून आमचा नियम ठरला: चांगला रस्ता असेल तर हातानं, घाट असेल तर डब्यात. डबा काठोकाठ भरू नका. कपडे आणि पाणी मिळून दोन तृतीयांश, वर जागा रिकामी हवी, नाहीतर आत काही हलतच नाही.

पाणी कुठलं मिळेल याचा नेम नसतो. पेट्रोल पंपावर, धाब्यावर, देवळात विचारून टाकी भरायची, आणि बहुतेक ठिकाणी ते बोअरचं जड पाणी असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाची वडी त्यांच्याशी बांधली जाते, फेस येत नाही, वर करडी साय जमते आणि तीच कपड्याला चिकटते. कपडे कडक आणि मळकट दिसायला लागतात, माणसाला वाटतं साबण कमी पडला, अजून घासतो. उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. धुण्याचा सोडा एक चमचा आधी पाण्यात विरघळवायचा, क्षार खाली बसतात, मग साबण टाकायचा. सुती कपड्यांना हे चालतं. रेशीम आणि लोकर यांना सोडा लावू नका. साध्या घामाच्या कपड्यांना मी रिठ्याचं पाणी वापरते. आठ-दहा रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळून घ्यायचे. जड पाण्यातही त्याची साय धरत नाही आणि एकदा खळबळलं की पुरतं.

सोड्याबद्दल एक गोष्ट मात्र मला फार मनापासून सांगायची आहे. ते पाणी शेताच्या बांधावर, झाडाच्या बुंध्यात ओतू नका. आमच्या जिल्ह्यात चोपण जमीन काय असते हे शेतकऱ्याला विचारा. काळ्या मातीत सोडियम साठलं की ती वाळली की दगडासारखी होते, भिजली की चिकट गोळा, पाणी आत शिरत नाही, पीक उभं राहत नाही. माझ्या बहिणीच्या दिरांचं दीड एकर असं गेलंय. एका बादलीनं जमीन चोपण होत नाही, पण गाड्या थांबायची जागा एकच असते आणि प्रत्येकजण तिथंच ओततो. आम्ही सोड्याचं पाणी कॅनमध्ये साठवतो आणि गावातल्या गटारात किंवा संडासात सोडतो. रिठ्याचं किंवा थोड्या पावडरीचं पाणी असेल तर ओढा, विहीर, तळं यांच्यापासून शंभर पावलं तरी लांब, मोकळ्या जमिनीवर पसरून टाकतो.

धुणं जमलं. खरी अडचण वाळवण्याची, आणि ती सोलापूरकराला कळायला वेळ लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो, गच्चीवर शेवटची साडी टाकेपर्यंत पहिली वाळलेली असते. कपडा वाळणं ही गोष्ट आपण करायची असते हेच मला माहीत नव्हतं. सोलापुरात वर्षाचा पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर. आंबोलीत तो सात हजारांच्या आसपास. तिथं धुकं गाडीच्या आत येऊन बसतं. हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती कपड्यातलं पाणी घेणार कुठं? त्यात रात्री काचा बंद करून दोन माणसं श्वास घेतात, सकाळी काचेवरून थेंब ओघळत असतात. अशा गाडीत ओला टॉवेल टांगला की ओल कपड्यातून अंथरुणात येते, एवढंच होतं.

आमचा टॉवेल पाऊण मीटर रुंद, दीड मीटर लांब, 500 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाचा. अख्खा टॉवेल कोरडा असताना साडेपाचशे ग्रॅमच्या पुढं. ओला झाला की हातात धरवत नाही. याचं कारण त्याच्या विणीतच आहे आणि हे यांनीच मला समजावलं होतं, खूप वर्षांपूर्वी, कारखान्यात डबा द्यायला गेले होते तेव्हा. साध्या कापडाला उभ्या धाग्यांचा एक ताणा. टॉवेलला दोन, एक जमिनीचा म्हणजे पायाचा, घट्ट ओढलेला, आणि दुसरा सैल सोडलेला. तीन पिकं, म्हणजे आडवे धागे, पडली की फणी ती एकदम पुढं ठोकते आणि सैल ताण्याचे फासे वर उभे राहतात. ते हजारो फासे पाणी पितात. त्यासाठीच टॉवेल असतो. पण प्यायलेलं पाणी ते सोडतही नाहीत. अंग पुसायला जे उत्तम, तेच पावसात गाडीत अवघड. हे मी आंबोलीत यांना बोलून दाखवलं नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

कुबट वास हा नुसत्या पाण्याचा नसतो. कपडा बराच वेळ ओला राहिला की त्यात जिवाणू वाढतात, वास त्यांचा. म्हणून अत्तर, सुगंधी द्रव वगैरे घालून तो जात नाही. आणि ते मऊ करणारे द्रव टॉवेलला तर कधीच लावू नका, फाशांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. कढत पाणी, सोडा आणि ऊन. ऊन नसेल तर निदान कढत पाणी.

सावंतवाडीत यांना जांघेत खाज सुटली. गजकर्ण. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'आतले कपडे पूर्ण वाळतात का?' नव्हते वाळत. हाताला कोरडे लागायचे, पण शिवणीत ओल असायची. डॉक्टर म्हणाले, मलम देतो, पण इस्त्री केल्याशिवाय घालू नका. गाडीत इस्त्री चालत नाही. हजार वॅटच्या इस्त्रीला बारा व्होल्टच्या बॅटरीतून ऐंशीच्या वर अँपिअर ओढावे लागतात, आमची बॅटरी ते सोसणार नाही. मग मी बाजारात कोळशाची इस्त्री करणाऱ्या दादांकडे गेले. चौदा नग, सगळे आतले कपडे. मला संकोच वाटला, पण त्यांनी काही न विचारता एकेक नीट दाबून, शिवणीवर दोनदा इस्त्री फिरवून, कोरडे करकरीत करून दिले. कोळशाच्या इस्त्रीचा ताव आणि वजन, दोन्हींनी उरलेली ओल निघून जाते. तेव्हापासून पावसाच्या मुलखात पोचलो की मी आधी इस्त्रीवाला कुठं बसतो ते विचारते.

बायकांसाठी इथंच लिहिते. आतले कपडे साडीखाली, ओढणीखाली झाकून वाळत घालायची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते. घराच्या गच्चीवर सोलापूरच्या उन्हात ते निभावतं. गाडीत, दमट हवेत नाही. झाकलेला कपडा वाळत नाही आणि दुखणं आपल्या अंगाला येतं. मी वेंगुर्ल्यापासून ते दोरीवर सगळ्यात पुढं, वाऱ्याच्या तोंडाला टाकायला लागले. यांनी दोरी बांधताना काही म्हटलं नाही, कुणी जाणाऱ्या-येणाऱ्यानंही म्हटलं नाही.

दोरीची युक्ती: नायलॉनची दोरी दुहेरी घेऊन पिळायची आणि ताणून बांधायची. पिळात कपड्याचं टोक खोचलं की चिमटा लागत नाही आणि वाऱ्यानं कपडा सरकत नाही. कुंपणाच्या तारेवर टाकू नका. माझ्या पांढऱ्या पातळावर गंजाच्या चार रेघा उठल्या. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यावर गेल्या, पण ऊन मिळायला बदामी उजाडली.

वेंगुर्ल्याजवळ ज्या घराच्या अंगणात गाडी लावायची परवानगी मिळाली, तिथल्या आजींनी आमची दोरी पाहिली आणि मला हाक मारली. 'ह्या पावसात भायर टॉवेल सुकतलो काय? हडे हाड तो.' म्हणजे इकडे आण तो. त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर, हात वर केला की पोचेल अशी आडवी दांडी टांगलेली होती. पावसाळाभर घरातलं धुणं तिथंच. टॉवेल रात्री टाकला, सकाळी कोरडा. धुराचा वास आला होता, पण तो मला आवडला, माहेरच्या अक्कलकोटच्या घरात तसाच वास यायचा. आजींना मी शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचं पुडकं दिलं. कडक भाकरी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

पिळण्याचं एक तंत्र मी तिथंच पक्कं केलं. हातानं कितीही पिळलं तरी पाणी राहतं, आणि मनगटं दुखतात. सुती पंचा जमिनीवर पसरायचा, त्यावर ओला शर्ट, दोन्हींची वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघ्यांनी भार द्यायचा. पंचा पाणी ओढून घेतो. पंचा पिळून परत दुसरा कपडा. पातळ असल्यामुळे पंचा स्वतः थोड्या वाऱ्यात तासाभरात वाळतो. पाच-सहा कपडे असे केले की दोरीवर जाताना त्यांच्यातून थेंब पडत नाही, आणि वाळायचा अर्धा वेळ वाचतो.

गोकर्णला किलोवर धुऊन देणारे मिळाले, एकदा दिलं. कपडे स्वच्छ आले, पण अर्धओले घडी घातलेले. त्यापुढं काही लिहिण्यासारखं नाही.

बदामीला ऊन भेटलं. अगस्त्य तळ्याच्या पायऱ्यांवर सकाळपासून बायका धुणं घेऊन बसलेल्या, दगडावर कपडे आपटल्याचा आवाज समोरच्या लाल कड्यावरून परत येतो. अक्कलकोटचं माहेर असल्यानं कानडी मला येतं. दोन बायकांशी बोलत बसले. त्या म्हणाल्या, तूही बस, जागा आहे. मी बादली भरून घेतली आणि लांब गाडीपाशी येऊन धुतलं. त्यांना मी काही शिकवायला गेले नाही, त्यांच्या घरी नळ किती दिवसांनी येतो हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे टाकी होती, बादली होती, म्हणून माझं पाणी तळ्यात जायचं कारण नव्हतं. त्या दिवशी अंथरुणासकट सगळं धुतलं. सोलापुरी चादर पायानं तुडवून धुतली, ती दुपारी तीनपर्यंत वाळली, आणि आंबोलीचा तो टॉवेल सोडा घालून उकळला. वास गेला. यांनी तो परत नाकाला लावला आणि गळ्यात टाकून गाडीभोवती फिरत राहिले.

घरी आल्यावर आठ दिवस हे गप्प होते. मग एक दिवस जुन्या कारखान्यात जाऊन आले. हातात चार टॉवेल होते, 280 जीएसएमचे, किंचित डाग असलेला सेकंडचा माल. तेवढ्याच मापाचा टॉवेल, वजन सव्वातीनशे ग्रॅमच्याही आत. गच्चीवर तपासून उपयोग नव्हता, तिथं सगळंच वाळतं. यांनी न्हाणीघरात दोन बादल्या कढत पाणी ठेवलं, दार लावलं, आणि आत तीन गोष्टी टांगल्या: जुना टॉवेल, नवा हलका टॉवेल आणि माझा पंचा. दर तासाला आत जाऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे आणि कॅलेंडरच्या मागं लिहायचे. पंचा पहिला वाळला. हलका टॉवेल संध्याकाळपर्यंत. जुना दुसऱ्या दिवशीही ओला. 'अगं, फासा बुटका पाहिजे,' ते म्हणाले, 'गाडीसाठी फासा बुटका आणि सूत बारीक.' आता त्यांच्या जुन्या मालकांशी बोलणं चालू आहे, मागावर एक छोटा ताणा वेगळा लावून बघायला ते तयार झालेत.

नवरात्राआधी आम्ही गाडीचा दसरा काढला. बहिणीच्या मळ्यात, मोहोळकडे. लहानपणी घटस्थापनेच्या आधी आईबरोबर बैलगाडीतून वाकळा, गोधड्या घेऊन नदीवर जायचो, अख्ख्या नदीकाठावर पांघरुणं पसरलेली असायची. या वेळी नदीवर गेलो नाही. विहिरीची मोटर सुरू केली, गाडीतले पडदे, गाद्यांचे अभ्रे, दोन चादरी, पायपुसणी, सगळं बाहेर काढलं. साबणाचं पाणी शेताकडं जाऊ नये म्हणून यांनी आणि भाऊजींनी गोठ्यामागच्या जुन्या खड्ड्याकडं चर काढून दिला. बाभळीवर काही टाकायचं नाही, काट्यात धागे ओढले जातात, म्हणून चादरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकल्या. बहीण आणि मी हौदात साडी खोचून उभ्या राहिलो आणि चादरी तुडवल्या, गुडघे दुखेपर्यंत. दुपारी भाकरी खायला बसलो तोवर पडदे वाळले होते.

या आठवड्यात मी सहा पंच्यांना कोपऱ्यात नाडी शिवते आहे, दोरी नसली तरी आरशाला किंवा दाराच्या कडीला अडकवता यावं म्हणून. चार झालेत. डिसेंबरात रत्नागिरीकडे निघायचं आहे.